यंत्र हिशेब करीत असताना

व्यवस्थापकांना प्रशिक्षण देणाऱ्या एका संस्थेत, तिसऱ्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत एक बाई बसतात. त्यांच्या दारावरची पदाची पाटी लांबलचक आहे. ती कोणी वाचत नाही. शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे त्यांना ‘खेळवाली बाई’ म्हणतात. नावात थट्टा आहे, पण खोटे काही नाही. मोठमोठ्या कंपन्यांचे अधिकारी येथे दोन दिवस शिकायला येतात आणि बाई त्यांना संगणकावर एक कारखाना खेळायला देतात.

हा कारखाना बाटल्यांची झाकणे बनवतो आणि तो कोठेही अस्तित्वात नाही. त्यातला भांडारपाल, पाळीचा मुकादम, हिशेबनीस हे सगळे बाईंनी कल्पिलेले; पण प्रत्येकाला स्वभाव आहे, मित्र आहेत, जुनी भांडणे आहेत. खेळणाऱ्याने या कारखान्यात कामाची एक नवी पद्धत आणायची. तो परिपत्रक काढू शकतो, सभा घेऊ शकतो, धमकावू शकतो, किंवा भांडारपालाबरोबर चहा पिऊ शकतो. प्रत्येक फेरीनंतर कोण वळले, कोण अडले, हे यंत्र सांगते. बहुतेक जण पहिल्याच डावात सपशेल आपटतात. ज्यांच्या एका सहीने खऱ्या जगात शेकडो टेबले हलतात, त्यांना हा नसलेला भांडारपाल काही केल्या हलत नाही.

खेळाची एक अट बाईंनी हट्टाने घातली आहे. डाव मांडताना प्रत्येक पात्रासमोर एक चौकट येते: ‘या बदलात ह्याचे काय जाणार?’ ती भरल्याशिवाय खेळ सुरू होत नाही. माणसे बदलाला विरोध करतात हे वाक्य बाईंना अर्धवट वाटते. माणसे काहीतरी गमावण्याला विरोध करतात. ते ‘काहीतरी’ शोधायचा कंटाळा आला, की आपण त्यांना हटवादी ठरवून मोकळे होतो.

तीन वर्षे खपून बाईंनी या खेळाची नवी आवृत्ती तयार केली. जुनी फार संथ होती. फेरी संपली की पडद्यावर वाळूचे घड्याळ फिरत राही आणि निकालाची वाट पाहत सगळे ताटकळत. नवी आवृत्ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर देई. संचालकांनी ती पाहिली आणि म्हणाले, “पुढच्या महिन्याच्या तुकडीपासून हीच चालली पाहिजे. तुमच्याच शिक्षकांना ती नको असेल, तर मी आपला पुन्हा व्याख्यानं सुरू करतो. व्याख्यानाला वीजही कमी लागते.”

तीन वर्षांचे काम त्या एका तुकडीवर येऊन ठेपले. हा खेळ वर्गात चालवणाऱ्या तिन्ही शिक्षकांना बाईंनी सविस्तर ई-मेल पाठवला, सोबत सचित्र माहितीपत्रक जोडले, त्याआधी एकदा वर्गात वापरून पाहण्याची शेवटची तारीख ठळक अक्षरांत दिली आणि एक बैठक घेतली. बैठकीत सर्वांनी माना डोलावल्या. “उत्तम!” एक म्हणाला. “झकास!” दुसरा म्हणाला. तिसरे, सर्वांत ज्येष्ठ, काहीच म्हणाले नाहीत. त्यांना संस्थेत ‘हँडब्रेक’ म्हणत.

चार दिवसांनी व्हरांड्यातून जाताना बाईंना काचेच्या दारातून हँडब्रेकांच्या वर्गातला पडदा दिसला. त्यावर वाळूचे घड्याळ निवांत फिरत होते. बाकीच्या दोघांच्या वर्गांतही तेच.

संध्याकाळी मटार सोलता सोलता त्यांनी सासूबाईंना गाऱ्हाणे सांगितले.

“सगळ्यांनी मान डोलावली हो, आई. आणि वापरलं एकानंही नाही.”

“मान डोलवायला काय लागतं? तू स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्यास, तेव्हा मीही डोलावली होती.”

“पण साखर तर तुम्ही अजून जुन्याच जागी ठेवता!”

“तेच सांगतेय.”

वर्तमानपत्रामागून नवऱ्याचे हसू ऐकू आले. “तुम्ही गप बसा,” बाई म्हणाल्या.

“बरं, मला सांग,” सासूबाईंनी एक दाणा तोंडात टाकला, “तुझ्या त्या खेळात असा कुणी मॅनेजर आला, पत्रकं वाटली, तारीख दिली, तर तू काय करतेस गं त्याचं?”

“हरवते.”

“मग झालं तर!”

सकाळी बाईंनी खोलीचे दार लावून घेतले आणि झाकणांचा कारखाना बाजूला सारून खेळात आपलीच संस्था मांडली. व्यवस्थापक म्हणून स्वतःला बसवले. दोघा शिक्षकांच्या चौकटी सहज भरल्या: नव्या तयारीत त्यांच्या सुट्ट्या जाणार होत्या. मग हँडब्रेकांची चौकट आली. ‘या बदलात ह्याचे काय जाणार?’ बाईंनी लिहिले, ‘सवय’. पडद्यावर लाल अक्षरे उमटली: ‘हे कारण नव्हे, ही तक्रार आहे. त्या माणसाला जाऊन विचारा.’

सवय, आळस, हट्ट असली उत्तरे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी हे वाक्य बाईंनीच योजले होते, आणि आजवर शेकडो जणांवर मोठ्या समाधानाने सोडले होते. त्या एकट्याच मोठ्याने हसल्या. मग जिना उतरून हँडब्रेकांकडे गेल्या.

“सर, नव्या खेळानं तुमचं काय जातं?”

त्यांनी चष्मा काढला. “आता विचारलंत होय? बसा. मला काय म्हणतात ते ठाऊक आहे मला. पण बाई, उतारावर गाडी उभी करायची असली की ब्रेकच शोधता ना?”

“सर, खरंच विचारतेय.”

“तुमचं ते वाळूचं घड्याळ जातं. ते फिरत असतं, तेव्हा यांना करायला काही नसतं. मग भांडायला लागतात. ‘तुम्ही त्या मुकादमाला डिवचलंत म्हणून बिघडलं.’ ‘मी? धमकीचं पत्र कुणी काढलं?’ भांडता भांडता एखादा गप्प होतो आणि म्हणतो, आमच्याकडेही असाच एक भांडारपाल आहे. माझं शिकवणं तेवढ्यातच होतं. तुमच्या नव्या यंत्रात उत्तर आधी येतं. मग भांडतंय कोण?”

ज्या संथपणाची बाईंना तीन वर्षे लाज वाटली, खरा वर्ग त्यातच भरत होता. “मग हे बैठकीत का नाही बोललात?” त्यांनी विचारले.

“बैठकीत तुम्ही तारीख सांगत होतात. प्रश्न कुठे विचारलात?”

पुढच्या महिन्याची तुकडी आली तेव्हा नवी आवृत्ती तिन्ही वर्गांत चालली. यंत्राला हिशेब क्षणात जमत होता. पण निकाल आता शिक्षकाच्या हाती होता. त्याने बटण दाबेपर्यंत पडद्यावर वाळूचे घड्याळ फिरत राही. दोघा शिक्षकांना सुट्ट्या परत मिळाल्या, कारण तयारीचा भार बाईंनी स्वतःकडे घेतला. संचालक पाहायला म्हणून हँडब्रेकांच्या वर्गात मागे येऊन बसले.

पहिली फेरी संपली. एक अधिकारी अस्वस्थ होऊन म्हणाला, “सर, मशीन अडकलं वाटतं?”

“मशीन व्यवस्थित आहे,” हँडब्रेक हात बांधून म्हणाले. “ते तुमची वाट बघतंय.”

मग कोणीतरी मुकादमाचा विषय काढला आणि वर्गात अशी काही जुंपली, की बटण दाबायचे राहूनच गेले. व्याख्यानांचा विषय संचालकांनी पुन्हा काढला नाही; जाताना ते एवढेच पुटपुटले, “आमच्याही ऑफिसात आहे एक तसला मुकादम.”

बाई घरी आल्या तेव्हा सासूबाई चहा टाकत होत्या. बाईंनी ओट्याशी उभे राहून विचारले, “आई, साखर तुम्हाला तिथे खालीच का लागते?”

“हात वर जात नाही गं, खांदा दुखतो. कधीची वाट बघत होते, विचारशील म्हणून.”

बाईंनी साखरेचा डबा तिथेच राहू दिला, आणि वरच्या फळीवरचा चहाचा डबाही त्याच्या शेजारी आणून ठेवला.