बंबावरचा काटा

"पाण्यात हात घालू नका, वहिनी. काटा बघा." एवढे बजावून झाले की मग ते नमस्कार करीत.

तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, ज्याची नोकरी सुटली पण हुकूम सोडायची सवय सुटली नाही. आमचे हे शेजारी गिरणीच्या बॉयलरवर होते. नवा बॉयलर आला, त्याच्याबरोबर नवा माणूस आला आणि यांना घरी पाठवले. घरी यांचे ऐकेल असे तापणारे काय, तर न्हाणीघरातले बंब.

पहिला बळी घरचाच. धुराच्या नळकांड्यावर झडप, झडपेला साखळी. बायको म्हणाली, "पानी तापलं का न्हाय तेवढं सांगा की. मला न्हायचंय, गिरणी न्हाय चालवायची."

मग माझा बंब. मुलगी बाळंतपणाला आली होती. "बाळंतिणीच्या पाण्याला अंदाज चालत नाही," ते म्हणाले. माझ्या बंबाची जाळी निखळली होती. ती फुकटात बसेल म्हणून मी हो म्हटले. त्यांनी जाळी बसवली, खाली हवेला दार केले. त्या दाराने कोळसा खरेच कमी लागू लागला, हे नाकारत नाही. पण वर भंगारातला, वाफेचा दाब दाखवणारा काटाही बसवला.

पाणी खळखळले तरी काटा झोपलेला. वाफ झाकणाच्या फटीतून जात होती, तो हलणार कसा? दुसऱ्या कोणी काटा काढला असता. यांनी पाणी भरले आणि झाकणालाच कथलाचा डाग देऊन ते बंद केले.

"उद्या पाणी कुठून ओतायचं?" मी विचारले.

"ते उद्या बघू. आज काटा हलेल."

हलला. शेजारपाजार बोलावून ते हाताची घडी घालून उभे राहिले. एवढा सुखी माणूस मी त्या वर्षात पाहिला नाही. तेवढ्यात झाकण सुटले, कौले फोडून शेजारच्या पापडांवर पडले. कोणाला इजा झाली नाही.

"माझी पोर तेल लावून बसलीय," मी म्हटले. "आता काट्यानं न्हाऊ घालू तिला?"

"डाग कच्चा होता," ते म्हणाले.

पुढे त्यांची चाहूल लागली की बायका न्हाणीघराला कडी घालू लागल्या. माझी कडी सगळ्यांत आधी. ते अंगणात उभे राहून धुराकडे बघत, "हवा जास्त झालीय," म्हणत.

शेवटी मुलाने त्यांना मंद्रूपला न्यायचे ठरवले. टांगा आला. बायको बोचकी घेऊन मागे बसली, हे पुढे टांगेवाल्याजवळ.

"लगाम सैल सोड, मियाँ. चढावर घोड्याला दम घेऊ दे."

"हौ साब, बराबर बोले," टांगेवाला म्हणाला आणि लगाम होता तसाच धरून बसला.

घोडा आपल्या चालीने निघाला. हे ताठ बसले होते. कोपऱ्यावर त्यांनी हात वर केला. आम्हांला नव्हे, घोड्याला, हळू म्हणून.