पलंगावरून बांधलेलं कॅथेड्रल

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी दोहाच्या एका इस्पितळात हाडांच्या वॉर्डात नर्स होते. शहरात जिकडे बघावं तिकडे क्रेन उभ्या होत्या. आमच्या वॉर्डाच्या खिडकीतूनही एक दिसायची, आणि त्या खिडकीजवळच्या पलंगावर एक इंग्रज आजोबा दाखल झाले. इंग्लंडमधल्या एका जुन्या, छोट्या शहरातून ते लेकीकडे राहायला आले होते. लेक अल दुहैलमधल्या एका शाळेत शिकवायची. तिच्या घराच्या कंपाउंडमधल्या पोहण्याच्या तलावाजवळ ओल्या लाद्यांवर आजोबांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याजवळ गेले तेव्हा ते केव्हाचे माझी वाट बघत असल्यासारखे दिसले.

"सर, आपण कुठे आहोत, सांगता का?" मी विचारलं. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या पेशंटला हे विचारायचंच असतं.

"खाली," ते म्हणाले. "मला खाली आणून टाकलंय. वर कोण आहे?"

"वर बायकांचा वॉर्ड आहे."

त्यांना ते अजिबात पटलं नाही. "भिंतींचे माथे झाकले का? आधी पेंढा घाला, मग वरून शेण. थंडी पडली की ओला चुना फुटतो."

बाहेर जूनचं ऊन होतं. खिडकीच्या काचेला हात लावला तर चटका बसत होता. मी चार्टवर 'कन्फ्यूज्ड' असं लिहिलं. त्यात नवीन काही नव्हतं. या वयात भूल उतरताना थोडे दिवस डोकं ठिकाणावर नसतं. कोणी बसची वाट बघतं, कोणी गेलेल्या आईशी बोलतं. पण पेंढा आणि शेण? हे शब्द मी शेवटचे ऐकले ते वसईला, माझ्या माहेरी. साहेबाच्या तोंडून ते इंग्रजीत ऐकल्यावर मला कळेना, की बिघडलंय ते त्यांचं डोकं की माझं इंग्रजी.

दुपारी त्यांनी खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बोट दाखवलं. "चाकात माणसं दिसत नाहीत."

"कुठल्या चाकात, सर?"

"उचलायच्या चाकात! माणसं आत चालल्याशिवाय चाक कसं फिरणार? आणि चाक फिरल्याशिवाय दगड वर कसा जाणार?"

संध्याकाळी अल थुमामा भागातल्या आमच्या घरी मी हे नवऱ्याला सांगितलं. तो एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होता. त्यामुळे बांधकामातलं आपल्याला कळतं असं त्याचं म्हणणं असायचं. डोक्यावरून विमान जात होतं, ते जाईपर्यंत तो थांबला आणि मग हसायला लागला.

"चाकात माणसं? उंदरासारखी? अगं, म्हातारा गेला कामातून."

"पण बोलतो कसा सुसंगत. म्हणतो, कमान बांधायची तर खाली आधी लाकडी आधार उभा करतात. त्यावर दगड रचायचे, मधला शेवटचा दगड बसला की चुना वाळेपर्यंत थांबायचं, मग लाकूड काढायचं."

"सेंटरिंग म्हण ना," नवरा म्हणाला. आता तो हसत नव्हता. "ते बरोबर आहे. स्लॅबला पण तसंच करतात. तो गवंडी असेल मग."

मलाही तसंच वाटायला लागलं.

पुढचे दिवस मोठे विचित्र गेले. आजोबांच्या डोक्यात एक भलंमोठं दगडी देऊळ अर्धवट बांधून उभं होतं आणि ते त्याचे मुख्य कारागीर होते. बांधकामाच्या परांचीची फळी मोडून ते वरून खाली पडले होते आणि आता पलंगावरूनच काम चालवत होते. माझ्याकडे काम एकच, त्यांचे हुकूम वर पोचवायचे. छत दगडाचं असल्यामुळे ते भिंतींना सतत बाहेर ढकलतं, असं ते सांगत. "भिंतीला बाहेरून हात द्या," ते म्हणायचे. म्हणजे भिंतीपासून लांब एक जाडजूड खांब उभारायचा आणि त्याच्यापासून भिंतीपर्यंत हवेतून एक अर्धी कमान टेकवायची. मला समजलं नाही, तेव्हा त्यांनी माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं आणि इस्पितळाच्या चादरीवर चित्र काढलं. दोन गोल एकमेकांत घुसवून त्यांनी टोकदार कमान काढली ती अगदी नेमकी होती. चादर बदलताना सफाईवाला माझ्याकडे बघत राहिला.

आमच्या हेड नर्स केरळच्या, कामाला चोख. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"तू त्यांना हो हो का म्हणतेस? पेशंटला सांगायचं, तुम्ही दोहात आहात, इस्पितळात आहात, पाय घसरून पडलात."

"सांगितलं, मॅडम. मी ते सांगितलं की ते ड्रिप उपटायला बघतात. आणि पेंढा घातला म्हटलं की शांत झोपतात."

"तरी सांगायचं," त्या म्हणाल्या. नियमाप्रमाणे त्यांचंच बरोबर होतं. मी पुन्हा सांगून पाहिलं. आजोबांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं आणि विचारलं, "तुला हे कोणी शिकवून पाठवलं?"



खरी पंचाईत उशीवरून झाली. खुब्याचं ऑपरेशन झालं की दोन पायांच्या मध्ये पाचरीसारखी जाड उशी पट्ट्यांनी बांधतात, सांधा निखळू नये म्हणून. त्यांना उभं करायला फिजिओ आला आणि त्यानं त्या उशीला हात घातला. आजोबा असे ओरडले की समोरच्या पलंगावरचा कतारी गृहस्थ उठून बसला.

"काढू नका! चुना कच्चा आहे! सगळं खाली येईल!"

फिजिओला पुढचे पेशंट बघायचे होते. "यल्ला, सिस्टर, लवकर काहीतरी कर," तो म्हणाला. आजोबा दोन्ही हातांनी उशी धरून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते ढोंग नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या डोक्यावर खरोखरच कितीतरी टन दगड होता. मला हेड नर्सचं बोलणं आठवत होतं, पण तोंडातून निघालं भलतंच.

"सर, हे लाकूड शेवटी काढतात तरी कसं?"

ते ओरडायचे थांबले. "एकदम कधीच नाही," ते म्हणाले. "खाली पाचरी असतात. त्या थोड्या सैल करायच्या आणि थांबायचं. कुठे भेग पडते का ते बघायचं. मग अजून थोड्या."

"तसंच करू का?"

त्यांनी बराच विचार केला. मग मान हलवली.

मी वरची पट्टी सैल केली. सगळेच थांबलो. ते छताकडे बघत होते, म्हणून मीही बघितलं, आणि फिजिओनंसुद्धा वर मान केली. मग मधली पट्टी. मग खालची. उशी निघाली. वॉकर पुढे सरकवला, आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं, आणि आजोबा उभे राहिले.  वर फॉल्स सीलिंगचे पांढरे चौकोन होते, दुसरं काही नव्हतं. त्या चौकोनांकडे नजर लावून ते हळूच म्हणाले, "धरलं."

खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. कशाबद्दल, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर त्यांची लेक आली. पन्नाशीच्या आसपासची, रडून रडून डोळे सुजलेली. मी तिला धीर द्यायला म्हटलं, "वडिलांचं काम त्यांच्या अंगात किती भिनलंय. अशा अवस्थेतही विसरले नाहीत."

"कुठलं काम?"

"गवंडीकाम. दगडाचं."

 "सिस्टर, माझे वडील जन्मभर विम्याच्या ऑफिसात होते. घरात त्यांनी कधी खिळा ठोकलेला मला आठवत नाही."

मग खुलासा झाला. त्यांच्या शहरात सात-आठशे वर्षांपूर्वीचं एक कॅथेड्रल आहे. निवृत्त झाल्यावर ते दर शनिवारी तिथे जायचे आणि येणाऱ्या पर्यटकांना ते कसं बांधलं ते फिरून दाखवायचे. फुकट, आवड म्हणून. "मी एकदाही पूर्ण ऐकलं नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, नंतर कधीतरी ऐकू."

माझा आणखीच गोंधळ उडाला. म्हणजे जे सांगत होते ते खरं होतं, पण त्यांचं नव्हतं. चार्टवर मी काय लिहायला हवं होतं? दुसऱ्याच्या आयुष्यातलं, पण बिनचूक?

हळूहळू ते निवळले. एका सकाळी मी नेहमीचा प्रश्न विचारला, तर स्वच्छ उत्तर आलं, "दोहा. इस्पितळ. आणि चहा गार आहे." मधल्या दिवसांतलं त्यांना काहीही आठवत नव्हतं. मी थोडंसं सांगितल्यावर ते कानापर्यंत लाल झाले. "मी काही अपशब्द तर बोललो नाही ना?"

"नाही, सर. पण चाकात माणसं असायची, हे खरं?"

त्यांचा चेहरा उजळला. "अगदी खरं! आमच्याकडे ते चाक अजून आहे. आधी लाकडी छप्पर बांधत, त्याच्याखाली मग दगडी छत. चाक त्या दोघांच्या मधल्या माळ्यावर असायचं. काम संपल्यावर एवढं अवजड चाक खाली कोण आणणार? राहिलं तिथेच."

"आणि तो पडलेला कारागीर?"

"तो आमचा नाही, दुसऱ्या गावच्या कॅथेड्रलचा. पण तोही खराच. पलंगावरून काम सांगायचा, एका तरुण साधूमार्फत."

"मग बरा झाला?"

 "नाही. तो परदेशातून आला होता, त्याला त्याच्या देशी परत जावं लागलं. पुढचं दुसऱ्यानं बांधलं."

मी विषय बदलला. "आणि चुन्याच्या पाट्या वाहताना गाणारी ती बाई? तिची तुम्ही रोज चौकशी करायचात. आज ती का गात नाही, म्हणून."

"बाई?" त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "नाही. अशी कोणी बाई मी कधी सांगत नाही."

काम करताना मी चर्चमधल्या मिस्सातली गाणी गुणगुणते, हे वॉर्डात सगळ्यांना माहीत होतं, आणि हेड नर्स त्यावरून मला टोकायच्याही. ती बाई मी असेन का? की त्यांच्या मनातली दुसरीच कोणी? त्यांना विचारून उपयोग नव्हता. त्यांना माहीत नव्हतं, आणि मलाही नाही. 

ते वॉकर घेऊन घरी गेले, आणि जरा सावरल्यावर व्हीलचेअरमधून विमानतळावर. जाण्याआधी लेकीबरोबर चॉकलेटचा डबा पाठवला होता.

त्यानंतर साधारण दीड वर्षानं ती लेक मला सुपरमार्केटमध्ये भेटली. भाजीच्या विभागात, तिनंच मला ओळखलं. मी वडिलांची चौकशी केली.

"चालतात थोडं," ती म्हणाली. "पण आता केअर होममध्ये ठेवावं लागलं. विसरतात सगळं. खोली चांगली मिळालीय, खिडकीतून कॅथेड्रल समोर दिसतं."

"मग छानच की."

"ते म्हणतात, ते कॅथेड्रल नाहीच." ती हसली. "त्यांना वाटतं, ते अजून दोहात आहेत. एसी फार गार आहे, अशी तक्रार करतात. तिथे एसी नाहीच. आणि भारतीय सिस्टर कधी येणार, असं विचारत राहतात."

मी ट्रॉलीचा दांडा धरून उभी राहिले. आनंद व्हावा की रडू यावं, ठरेना. पलीकडून नवरा हातात दोन कोबी घेऊन खुणेनं विचारत होता, कुठला घेऊ.

"मग तिथल्या नर्स काय सांगतात?" मी विचारलं.

"सांगतात, तुम्ही दोहात नाही, तुमच्या गावी आहात."

"आणि ते काय म्हणतात?"

"तुम्हाला हे कोणी शिकवून पाठवलं, असं."

मला तिला काहीतरी सांगायचं होतं. तिथल्या नर्सना कळवा, की हो म्हणा, सिस्टर येतेच आहे म्हणा. पण ते बरोबर झालं असतं का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही. मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "त्यांना माझा नमस्कार सांगा." तिनं मान हलवली. मग ती दुधाच्या विभागाकडे गेली आणि मी कोबी निवडायला.