वॉकर मंडळींचे मूळ गाव

सर्व सुजाण वाचकांस गंभीरपणे कळविण्यात येते की, तोक्योच्या हिगाशी-कसाई भागात, सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि एक स्वयंपाकघर एवढ्या भूमीवर, एका इंग्रज आडनावाची कसून चौकशी झाली. चौकशी समितीत एकच सदस्य होता. निकालावर अपील नव्हते. साक्षीदार म्हणून मी हजर होते आणि मला हसू आवरत नव्हते, हेही सोबत कळविण्यात येते.

समिती म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. नवऱ्याला लहानपणापासून त्यांनीच वाढवले, त्यामुळे आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. पुण्यात त्यांचे अर्धे आयुष्य दुसऱ्यांची लग्ने जुळवण्यात गेले. समोरच्याने आडनाव सांगितले की आत्यांचे डोळे अर्धे मिटत, आणि उघडत तेव्हा त्या माणसाचे मूळ गाव, कुलदैवत आणि त्याची कोण कुठे दिली आहे हे सगळे बाहेर येई. जातीचा शब्द त्या कधी उच्चारत नसत. तशी गरजच पडत नसे.

या आत्या आमच्याकडे आल्या त्या माझ्या लेकीने लग्न ठरवले म्हणून. लेक इथेच वाढली. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र तोंडाला येईल त्या भाषेत देते. सेंदाईला शिकायला गेली आणि तिथल्या प्रयोगशाळेतून पदवीबरोबर एक उंच, लाजरा इंग्रज घेऊन आली. आडनाव वॉकर. माझ्या नवऱ्याला तोवर एकच वॉकर माहीत होता आणि तो बाटलीत राहत असे.

"लग्न तर मी करणारच," लेक मला म्हणाली. "पण आत्याआजी हो म्हणायला हवी. ती कशालाच पटकन हो म्हणत नाही ना, म्हणून."

आत्यांनी बॅगेतून एक गोधडी आणली होती. स्वतःच्या मऊ झालेल्या लुगड्यांची, स्वतःच्या हातच्या टाक्यांची. ती या जोडप्यासाठी होती. पण बाहेर काढली नाही. "आधी कळू दे तरी, कोणाकडचा आहे," म्हणून ती बॅगेतच राहिली. म्हणजे होकार कुठे ठेवला आहे हे घरात सगळ्यांना माहीत होते, फक्त बॅगेची चेन उघडत नव्हती.

एकदा आम्ही तिघी स्टेशनजवळच्या शंभर येनच्या दुकानात गेलो. तिथे आडनावांच्या शिक्क्यांचा एक फिरता स्टँड असतो. इथे पार्सल घेताना, कुठल्या कागदावर, माणूस सही करण्याऐवजी आडनावाचा शिक्का उमटवतो, म्हणून नेहमीची आडनावे तयारच मिळतात. आत्यांना हरखून जायला एवढे पुरे झाले. त्या स्टँड फिरवत एकेकावर बोट ठेवू लागल्या आणि लेक अर्थ सांगू लागली.

"तानाका. भातशेताच्या मधले."

"हं. आणि हे?"

"यामामोतो. डोंगराच्या पायथ्याचे."

"म्हणजे पत्ताच की. शहाणी माणसं आहेत." मग जरा थांबून, स्टँडकडेच बघत, "त्याचं आहे का बघ."

"आत्या, इथे जपानीच आडनावं असतात," मी म्हणाले.

"बघायला काय जातं?"

लेकीने मुकाट्याने स्टँड पूर्ण फिरवला. "नाहीये. आपलंही नाहीये, आत्याआजी."

"आपलं असायची गरज नाही. आपलं लोकांना माहीत आहे."

पुण्यापासून समुद्रांपलीकडे, खेळणी आणि प्लास्टिकच्या डब्यांच्या मधोमध उभे राहून हे वाक्य इतक्या खात्रीने म्हणता यायला हवे. मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या.

शनिवारी तो जेवायला आला. लेकीने त्याला बजावून ठेवले असणार, कारण तो अभ्यास करून आला होता. वरणभात संपवून, पाठ ताठ करून त्याने सुरुवात केली. लेक भाषांतर करत होती.

वॉकर म्हणजे चालणारा, असे सगळ्यांना वाटते, तो म्हणाला, पण ते चालणे रस्त्यावरचे नाही. मागावरून उतरलेले लोकरीचे कापड विरविरीत असते आणि तेलकट. पूर्वी ते मोठ्या डोणीत घालून तासन् तास पायांनी तुडवत. तेल निघून जाई, वीण घट्ट होई. हे काम करणारा तो वॉकर. इंग्लंडच्या उत्तरेला वॉकर म्हणत, दक्षिणेला त्यालाच फुलर म्हणत आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात टकर. आडनावे तीन, काम एकच.

"मूळ गाव?" आत्यांनी विचारले.

त्याने हात पसरले. मेंढ्या जिथे, तिथे कापड, आणि कापड जिथे, तिथे एक वॉकर. लोकांना आडनावे चिकटली तेव्हा गावोगावच्या या तुडवणाऱ्यांना हेच चिकटले. म्हणून वॉकर आज ढिगाने सापडतात आणि बहुतेकांचे एकमेकांशी काही नाते नसते.

"म्हणजे गावच नाही."

"शेकडो आहेत म्हणतोय, आत्याआजी."

"तेच म्हणते मी."

इथे तो थांबला असता तर बरे झाले असते. पण अभ्यास केलेला माणूस मधेच थांबत नाही. तो उत्साहाने पुढे काहीतरी म्हणाला आणि लेक एकदम गप्प झाली. नवऱ्याला ठसका लागला.

"काय म्हणाला?" आत्या.

चांगले वाक्य वाया गेलेले मला सोसत नाही. "आत्या, तो म्हणतोय की नुसत्या पाण्यात नाही तुडवायचे. शिळ्या मुतात तुडवायचे. त्याने तेल सुटतं."

आत्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "आता साबण वापरतात ना यांच्याकडे, विचार."

तो गेल्यावर निकाल लागला. "मुलगा चांगला आहे. जेवतो नीट, खोटं बोलत नाही. एवढं तर कोणी मुलगी बघायला आल्यावर सांगितलं नसतं. पण ज्याला एक गाव नाही, त्याला मी कोणाचा म्हणून ओळखू? गोधडी मी परत नेते."

लेकीने भांडी घासायला घेतली आणि घासलेलीच पुन्हा घासत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी परतीची बॅग आवरायला घेतली. बॅगेत, इथून जवळच्या उरायासूत राहणाऱ्या ओळखीच्यांसाठी आणलेली लोणच्याची बरणी द्यायची राहून गेली होती. तिने वाट पाहून कंटाळून बॅगेतच झाकण सोडले होते. गोधडीवर हळदीचा, तेलाचा, मोहरीचा एक मोठा नकाशा उमटला होता. आत्या तो धरून पलंगावर बसल्या आणि प्रथमच मला म्हाताऱ्या वाटल्या.

आमच्या मशीनमध्ये गोधडी मावेना. कोपऱ्यावरच्या कॉइन लाँड्रीचे नाव काढताच त्या म्हणाल्या, "यंत्रात टाके उसवतील. ही तुडवूनच धुवायची असते." आणि उठायला गेल्या, पण गुडघ्याने नाही म्हटले. माझ्या कमरेला पट्टा. नवरा, गरजेच्या वेळी असतो तसा, खाली कचरा टाकायला गेलेला.

दारात बेल वाजली. काल विसरलेली छत्री न्यायला तो आला होता. लेकीने दोन वाक्यांत सगळे सांगितले. त्याने छत्री परत कोपऱ्यात ठेवली, मोजे काढले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

आत्यांना आम्ही न्हाणीघराच्या दाराशी खुर्चीवर बसवले. टबात कोमट पाणी आणि त्यांनीच आणलेल्या रिठ्यांचा फेस. टबात पाय टाकण्याआधी तो खाली स्टुलावर बसला आणि त्याने पाय साबणाने घोटे, टाचा, बोटांमधली बेचकी असे स्वच्छ धुतले. इथे सगळेच आधी बाहेर अंग धुतात आणि मग टबात उतरतात, त्यालाही तीच सवय. पण आत्यांना ते माहीत नव्हते. त्या नुसत्या बघत राहिल्या.

मग तो उतरला आणि तुडवू लागला. आधी घाबरत, मग तालात.

"टाचेने म्हणावं. नाचतोय काय?" आत्या पुटपुटल्या. लेकीने सांगितले. तो टाचेवर आला. पाणी पिवळे होऊ लागले. "आता फिरव. दुमडून घे." त्याने दुमडून घेतली. मोहरी वर तरंगली. आत्या खुर्चीच्या कडेला सरकल्या, मग आणखी सरकल्या. भाषांतराची वाट बघण्याएवढा धीर आता त्यांच्यात राहिला नव्हता. खिडकीखालच्या बाजूला एक पिवळा डाग तसाच राहिलेला त्यांना दिसला, आणि हात पुढे करून त्या थेट त्यालाच ओरडल्या,

"अहो जावईबापू, तो कोपरा राहिला!"