भिंतीतलं फाटक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, पण समजूतदार चेहरा करून ऐकू नका. त्या चेहऱ्यांचा मला वीट आलाय.

२०२० च्या अखेरीला नास नावाच्या आयरिश गावातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर बसून मी मलिंगार गावाकडच्या एका नदीचं पुराचं मॉडेल कॉम्प्युटरवर करत होतो. सगळं खोरं लहान चौकोनांत कापायचं, प्रत्येक चौकोनाला जमिनीची उंची द्यायची, पाऊस सोडायचा आणि पाणी कुठं पसरतं ते बघायचं. ज्या घरात पाणी दिसेल, त्याच्या दाराला पाणी अडवायच्या फळ्या मिळणार होत्या. बाकीच्यांना नाही.

ऑफिसात माझ्याइतकं नेटकं मॉडेल कुणाचं नसायचं – हे आजही म्हणतो. फक्त नदी मी पाहिली नव्हती. लॉकडाउन होता, हो. पण कामासाठी बाहेर पडायचं पत्र मिळत होतं. मी मागितलंच नाही. थंडीत चिखल कोण तुडवणार? अहवालात 'प्रत्यक्ष पाहणी केली' असं लिहून मोकळा झालो.

मग गावकऱ्यांची ऑनलाइन बैठक झाली. नदीकाठी एकटी राहणारी नोरा नावाची म्हातारी कॅमेरा छताकडे लावून बोलायला लागली. माझ्या नकाशात तिचं घर कोरडं होतं, कारण मागं दगडी भिंत होती. ती म्हणाली, "त्या भिंतीत गुरांचं फाटक आहे. पाणी तिथूनच येतं. युअर मॅन, हा तुमचा बाबा, तिथं कधी उभा तरी राहिलाय का?" सगळे हसले. माझा साहेबही हसला.

राग आला – राग कसला, तिटकारा. हिला काय कळतं? त्याच दुपारी हवाई फोटो मोठा करून बघितला. फाटक होतं. स्वच्छ दिसत होतं. भिंतीची रेघ दोन चौकोनांपुरती तोडली आणि मॉडेल पुन्हा चालवलं. दुसऱ्या दिवशी निकाल आला. नोराच्या स्वयंपाकघरात गुडघाभर पाणी.

आणि मी – ती फाइल पुसून टाकली.

चुकून नाही. घाईतही नाही, अजून आठवडा हातात होता. त्या बाईचं खरं ठरू द्यायचं नव्हतं, एवढंच. तिच्या मुद्द्यावरच्या उत्तरात लिहिलं, 'रहिवाशाच्या आठवणीला मॉडेलमध्ये आधार सापडत नाही.' वाक्य छान जमलं म्हणून दोनदा वाचलं. अशा माणसाला तुम्ही काय म्हणाल? म्हणा.

२०२१ च्या हिवाळ्यात नदी चढली. शेजारच्या चार दारांना फळ्या होत्या, नोराच्या दाराला नव्हत्या. तिला बोटीतून बाहेर काढलं. ती मुलीकडे गेली, परत त्या घरात आली नाही. बातमी कळली तेव्हा क्षणभर वाटलं – बरी जिरली. हेही सांगायलाच हवं.

साहेबानं विचारलं, फाटक तपासलं होतंस ना? म्हटलं, तपासलं होतं, पाणी येत नव्हतं. तसंच पत्र तिला गेलं, खाली माझी सही.

तिचं उत्तर आलं, थरथरत्या अक्षरात. तुम्ही शिकलेली माणसं, नीट बघूनच सांगत असाल, असं लिहिलं होतं. त्या दिवशी फाटक लावायला बहुतेक मीच विसरले, घर माझ्यामुळेच गेलं, असं मुलीलाही सांगितलंय म्हणे.

मी ते पत्र वाचलं आणि फाइलला लावलं.