पोरीसाठी घेतलेली सॅक

ठाण्यातल्या बाळकुमच्या काळुरामला ओझ्यातलं कळतं, असं त्याच्या आळीत सगळेच म्हणायचे. कुणाचं घर बदलायचं असलं, टेम्पोत कपाट कसं बांधायचं, फ्रिज कुठल्या बाजूने उचलायचा, हे विचारायला लोक त्याच्याकडे यायचे. त्याचा बाप मिठागरावर होता. भरलेली टोपली डोक्यावर घेऊन ओल्या बांधावरून चालताना त्याची मान जराही हलायची नाही, असं काळुरामची आई सांगायची. काळुराम स्वतः तरुणपणी खाडीवर रेतीच्या होड्या रिकाम्या करायचा. पुढे ते काम बंद झालं आणि त्याने शाळेची व्हॅन घेतली. घोडबंदर रोडच्या टॉवरांतली मुलं सकाळी शाळेत पोचवायची आणि दुपारी घरी आणायची.

बाळकुमचा आगरी म्हणजे जमिनीचा मालक, पैसेवाला, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. काळुरामची जमीन त्याच्या आजोबांच्या काळातच गेलेली, आणि राहिलेल्या तुकड्यात पाच भाऊ. पण हे कोणाकोणाला सांगत बसणार? तो नुसता हसायचा.

त्याला एकच मुलगी, निशिगंधा. आई जया हिच्यासारखीच बुटकी, अंगाने बारीक, आणि बापासारखी हट्टी. अकरावीला कॉलेजच्या निसर्ग मंडळात गेली आणि दोन-चार गड चढून आली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाचा हिमाचलचा ट्रेक ठरला तेव्हा यादीत तिचं नाव सगळ्यात आधी लागलं. काळुरामने हो म्हणायला वेळ लावला नाही. आपल्या घरातलं कोणी बर्फ बघून येणार, याचंच त्याला कौतुक. फी भरली, बूट झाले. राहिली सॅक.

"पप्पा, सर बोललेत सॅक नीट बघून घ्या," निशिगंधा म्हणाली. "ओझं खांद्यावर नाही, कमरेवर यायला पाहिजे. कमरपट्टा असलेलीच घ्यायची."

"घेऊ ना बाय. सॅकच ती. आपल्याला काय ओझ्याचं नवीन हाय का?"

आधी ते दोघं घोडबंदर रोडच्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या पोराने निशिगंधाच्या पाठीवर एक निळी सॅक चढवली, आत वजन घातलं, कमरेचा जाड पट्टा आवळला आणि तिला दुकानातच फेऱ्या मारायला लावल्या.

"पप्पा, खांद्यावर काहीच वाटत नाहीये!" ती लांबूनच ओरडली.

काळुरामने किंमत बघितली. मग कापड दोन बोटांत धरून चोळलं. कापड तलम होतं, छत्रीसारखं. त्याला ते मनापासून पटलं नाही. "केवढी पातळ हाय गो. एका दगडाला घासली का फाटली. मग तिकडं डोंगरात काय करशील?" पैसे वाचवायचे म्हणून तो बोलत नव्हता. म्हणजे तेही होतंच; सुट्टीत व्हॅन दारात उभी असते आणि हातात काही येत नाही. पण डोंगरात सॅक फाटणार, ही भीतीसुद्धा खरी होती.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी प्रमोदिनीबाई व्हॅनपाशी आल्या. त्यांची धाकटी मुलगी काळुरामच्या व्हॅनमध्ये असायची. निशिगंधाच्या ट्रेकचं मुलीकडूनच त्यांच्या कानावर गेलेलं.

"काळुरामदादा, आमच्या थोरल्या अद्वयची सॅक पडूनच आहे. एकदाच वापरली आहे त्याने, चांगली आहे. निशिगंधाला नेऊ दे की."

त्या अगदी सहज म्हणाल्या. पण काळुरामला ते कुठेतरी लागलं. "नको मॅडम," तो म्हणाला, "पोरीला नवीनच घेतोय." घरी आल्यावर त्याने हे जयालाही सांगितलं नाही.

जयाचा भाऊ आंबिवलीला राहतो. त्याने कल्याणच्या बाजारातलं एक दुकान सांगितलं, बॅगा तिथेच शिवतात, स्वस्त आणि मजबूत. काळुराम लेकीला घेऊन गेला. दुकानदाराने हिरवी सॅक काढली. कापड ताडपत्रीसारखं जाड. काळुरामने ती खुंटीला अडकवली आणि दोन्ही हातांनी पट्ट्यांना लोंबकळून बघितलं. एक टाका उसवला नाही. त्याचा चेहरा खुलला.

"कमरेला पट्टा हाय का?"

"है ना, ये देखो." दुकानदाराने नायलॉनची पट्टी दाखवली. बोटभर रुंद, पुढे क्लिप.

निशिगंधाने सॅक चढवली. ती मोठ्या माणसाच्या मापाची होती. पट्टी कमरेवर बसायच्या ऐवजी खाली मांड्यांवर आली.

"पप्पा, मोठी होतेय का?"

"रिकामी हाय म्हणून. भरली का बसंल अंगाला."

तिने आरशात बघितलं, मग बापाकडे बघितलं. घरी व्हॅन उभी आहे हे तिलाही माहीत होतं. "चालेल," ती म्हणाली.

निघायच्या दिवशी सॅक काळुरामने स्वतः भरली. जड सामान खाली, कपडे वर, रेनकोट हाताशी. पाठीवर चढवून दिल्यावर ती थोडी पुढे वाकली. पट्टी चालताना मांड्यांत येत होती, म्हणून तिने ती सोडून मागे खोचली. बापाला टाटा केला आणि संचिताबरोबर, म्हणजे तिच्या मैत्रिणीबरोबर, गाडीत चढली.

पहिले काही दिवस फोटो येत होते. मग रेंज गेली. एका दुपारी काळुराम दारात व्हॅन धूत होता, तेव्हा फोन वाजला. संचिता होती.

"काका, घाबरू नका हां. निशी बरी आहे. फक्त तिचा उजवा हात वर होत नाहीये."

"वर होत नाय म्हंजे? पडली का?"

"नाही, पडली नाही. काल सॅक उतरवली तेव्हा बोलली, मुंग्या येतायत. आज उठली तर हात उचलताच येईना. सर बोलले..."

फोन तुटला. काळुरामने परत लावला, परत परत लावला. पाण्याचा पाइप तसाच वाहत राहिला. जया बाहेर आली, सगळं ऐकून म्हणाली, "तुमी निघा."

"कुठं जाऊ?" तो म्हणाला. खरंच, कुठे जाणार? कुठलं गाव, कुठला डोंगर, हे त्याला माहीत नव्हतं. तो पोचेपर्यंत ती मंडळी खाली उतरलेली असती. संध्याकाळी सरांचा फोन आला. तिला खालच्या कॅम्पवर आणलंय, तिथल्या डॉक्टरने बघितलंय, दुखत नाहीये, सगळ्यांबरोबर ठरलेल्या गाडीनेच आणतो. काळुराम फक्त "हो सर, हो सर" म्हणत राहिला. रेतीच्या होड्या रिकाम्या करणारा माणूस, पण आता त्याच्या हातांना करायला काही नव्हतं.

कल्याण स्टेशनवर ती उतरली तेव्हा हात ओढणीच्या झोळीत होता. हिरवी सॅक दुसऱ्याच एका मुलाच्या पाठीवर होती. बापाला बघून ती हसली.

"सॉरी पप्पा."

"तू कशाला सॉरी?" तो म्हणाला.

ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात सगळ्या बाजूंनी हलवून बघितला. भिंतीला तळवे लावून ढकलायला सांगितलं. पाठीचं उजवं पातं पंखासारखं बाहेर आलं. मशीन लावून तपासणी झाली. खांद्यावरून हाताकडे जाणाऱ्या नसा सॅकच्या पट्ट्याखाली दाबल्या गेल्या होत्या.

"सगळं वजन खांद्यावरच आलं असेल," डॉक्टर म्हणाल्या. "सॅकला कमरपट्टा नव्हता का?"

"होता," काळुराम म्हणाला. निशिगंधाने खाली बघितलं.

"ऑपरेशन करावं लागंल का?"

"नाही."

"मग इंजेक्शन, गोळ्या, काय असंल ते लिवून द्या. महाग असली तरी चालतील."

"काका, यावर तसं औषध नाही. व्यायाम शिकवू, तो रोज करायचा. बहुतेक वेळा नस पुन्हा काम करायला लागते. कधी, ते मी सांगू शकत नाही. थांबायचं."

थांबायचं, हे काळुरामला कधी जमलं नव्हतं. त्याने मसाजवाला शोधला, डॉक्टरांनी नको म्हटल्यावर सोडला. कोणी सांगितलेलं तेल आणलं. जयाने गावदेवीला नारळ बोलला. निशिगंधा उजवा हात डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवायची आणि मग वहीवर बोटं हलवायची. बोटं चालत होती, खांदाच काम करत नव्हता. वेणी घालता येईना. आईने रोज घातलेली तिला आवडेना. एक दिवस ती पार्लरमध्ये जाऊन केस बारीक कापून आली. काळुराम तिच्याकडे बघत राहिला.

"पप्पा, सारखं बघू नको ना," ती चिडली. "तू बघतोस ना, मला जास्त वाटतं."

तेव्हापासून ती जेवायला बसली की तो पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून आत जायला लागला.

शाळा सुरू झाल्या. प्रमोदिनीबाईंनी व्हॅनच्या खिडकीतून विचारलं, "कसा झाला हो ट्रेक?"

"चांगला झाला," काळुराम म्हणाला आणि गिअर टाकला.

एका रविवारी त्याचा संयम सुटला. हिरवी सॅक बगलेत मारून तो कल्याणला गेला. वाटेत बोलायचं सगळं त्याने मनात जुळवलं होतं. दुकानात शिरून त्याने सॅक काउंटरवर आपटली.

दुकानदाराने त्याला ओळखलं. "क्या हुआ काका? फट गई क्या?"

काळुरामने तोंड उघडलं. दुकानदार सॅक उलटीपालटी करून बघत होता. टाके, चेन, बक्कल, तळ. "फटी तो नहीं है. कहीं से भी नहीं."

फाटली नव्हतीच. बर्फातून, दगडांतून जाऊन आलेली सॅक जशीच्या तशी होती. तिला त्याने स्वतः लोंबकळून पारखली होती. मुलगी मोठी होतेय म्हणाली होती, ते त्याने ऐकलं नव्हतं. यातलं दुकानदाराला काय सांगणार?

"चेन घट्ट हाय जरा," तो म्हणाला.

दुकानदाराने चेनला मेण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. काळुराम सॅक घेऊन परत आला. जयाने न विचारता तीत जुन्या गोधड्या भरल्या आणि माळ्यावर टाकली.

पावसाळा गेला. हात आधी टेबलापर्यंत आपोआप यायला लागला. मग खांद्यापर्यंत. एका सकाळी निशिगंधाने दोरीवरचा टॉवेल उजव्या हाताने ओढला आणि तिचं तिलाच कळलं नाही. जयाने बघितलं, ती रडायलाच लागली. काळुराम व्हॅनवर होता. त्याला हे दुपारी कळलं. पाठीचं पातं मात्र थोडं बाहेरच राहिलं. ते राहीलही, डॉक्टर म्हणाल्या, किंवा आत जाईल. ओझं एवढ्यात नको.

थंडीत मंडळाचा पुन्हा ट्रेक निघाला. "तुझं सामान मी घेते, तू नुसती चल," संचिता घरी येऊन म्हणाली.

"दुसऱ्याच्या पाठीवर माझं सामान नको," निशिगंधाने सांगितलं.

काळुराम दारात उभा होता. जा म्हणावं तर भीती, नको म्हणावं तर कुठल्या तोंडाने? मंडळी गेली त्या सकाळी ती तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिली. बऱ्याच वेळाने बाहेर आली, बूट घातले.

"पप्पा, येऊरला सोडतोस?"

त्याने येऊरच्या जंगलाच्या फाटकापाशी व्हॅन लावली आणि तोही उतरला. ती नको म्हणाली नाही. जंगलातला रस्ता चढाचा. निशिगंधाच्या पाठीवर काही नव्हतं, हातात पाण्याची बाटली. आधी ती त्याच्यासाठी थांबत होती. मग तिची चाल लागली. काळुरामला धाप लागली. गाडी चालवून चालवून पाय चालायचे विसरले होते.

"तू हो पुढं," त्याने हाक दिली. "मी येतंय."

"नक्की ना?"

"नक्की."

तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. तिच्या पिवळ्या टीशर्टवर उजव्या बाजूला पात्याचा उंचवटा अजून दिसत होता. वळणावर तिने मागे न बघता बाटली उजव्या हातात घेतली, मग परत डाव्या हातात. झाडांनी तिला झाकलं. काळुराम त्या वळणाकडे बघत बसला.