छातीएवढ्या उंचीची दोरी

मामांबद्दल लिहायचा मान त्यांच्या बरोबरीने खेळलेल्यांचा. मी त्यांचा नातेवाईक नाही, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिलाच असल्याने लिहायची सवयही नाही. चुकलं तर समजून घ्या. पण त्यांच्या मूळ गावी, शिरूरच्या चर्चमधल्या शोकसभेत जे बोललं गेलं ते मला मान्य नाही, आणि तिथं उठून बोलायचं धाडस झालं नाही...

सॅम्युअलमामा तरुणपणी बेसबॉलमध्ये पिचर होते, म्हणजे चेंडू फेकणारे. पुढे कुरकुंभच्या कंपनीत लागले, दौंडला राहिले आणि शिफ्ट सांभाळून आम्हा कॉलेजच्या मुलांना शिकवत. त्यांच्या जुन्या टीममधले आप्पा सभेत म्हणाले, "आमच्या वक्ताला खांदं लोखंडाचं व्हतं. सम्या दिसभर फेकायचा. आत्ताची पोरं दोन मॅच खेळली की बर्फ लावून बसत्यात." लोक हसले. माझा उजवा खांदा तेव्हाही दुखत होता. मी खाली बघत राहिलो.

दौंडला मामांच्या ओसरीत कपडे वाळत घालायची दोरी छातीएवढ्या उंचीवर बांधलेली. चादरी फरशीला लागायच्या, आत जायचं तर वाकावं लागायचं. "कंपनीचा साहेब आला तरी वाकूनच येणार," मामा म्हणायचे. आम्हाला ती त्यांची गंमत वाटे. यंदा मोठ्या स्पर्धेच्या थोडं आधी सरावात माझा खांदा चमकला, तरी मी फेकत राहिलो. बसलो तर टीममधली जागा जाईल, ही भीती. मामांनी ते पाहिलं आणि मला घरी नेलं.

"वरवंड," ते मला गावाच्या नावानंच हाक मारत, "दुखतंय व्हय?"

"नाही मामा. तुमच्या वेळी कोण बसायचं?"

ते उठले आणि उजवा हात वर न्यायला लागले. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. "दोरी इथंच का हाय, कळलं? मी टिकलो न्हाई रं, गप बसलो. माझ्याआधी दोघं पिचर व्हते, माझ्यापरीस भारी. खांदा गेला, घरी बसले. आप्पाला इचार त्यांची नावं."

सभेनंतर आठवड्याने आप्पा दोरीखालून वाकून दौंडच्या घरात आले, तेव्हा मी विचारलं. ते बराच वेळ आठवत राहिले... "एक उंच व्हता बघ," एवढंच म्हणाले.

म्हणून जुने खेळाडू जास्त टिकायचे, हे मला कुणी सांगू नये. जे मोडले त्यांची नावं उरली नाहीत, आणि जे उरले त्यांनी दुखणं सांगितलं नाही. बर्फ लावून बसणारा पोरगा कच्चा नसतो. त्याला पुढच्या वर्षीही खेळायचं असतं.

सभेच्या आधी, त्या मोठ्या स्पर्धेच्या दिवशी आम्ही पुढे होतो आणि खांद्यात तीच कळ आली. मी चेंडू स्वतःहून दुसऱ्याच्या हातात दिला. बाकावरचा एक जण म्हणाला, "काय रे, काचेचा हायेस का?" मी बाजूला जाऊन मामांना फोन लावला. त्यांच्या मुलीने, रूथताईंनी उचलला.

"ताई, मामांना द्या ना. त्यांना सांगायचंय, आज मी आपण होऊन थांबलो."



"बाबा पहाटे गेले रे... तुझी मॅच झाल्यावर मी कळवणार होते."