भाऊजींचा आजचा आकडा

आमच्या भाऊजींच्या टेम्पोला आरसेच आरसे होते. कंपनीनं दिलेले दोन तर होतेच. वर भाऊजींनी भंगारातल्या मोटारसायकलींचे, एका जुन्या जीपचा, सलूनवाल्यानं टाकून दिलेला कडा उडालेला एक, असे जिथं जागा दिसली तिथं तारेनं आवळलेले. कोल्हारच्या बाजारात टेम्पो उभा राहिला की शाळेतल्या पोरी त्यात बघून वेण्या सारख्या करायच्या, मोठी माणसं मिशीला हात लावून घ्यायची. गावानं नावच पाडलं, आरसेवाले. नव्या माणसाला वाटायचं, काय हौशी माणूस आहे! हौस कसली डोंबलाची. भाऊजींची मान वळत नव्हती. टेम्पो मागं घ्यायचा तर ड्रायव्हर मुंडी वळवून बघतो. ह्यांना ते जमत नव्हतं, म्हणून आरसे.

खाली उतरल्यावर कुणी हाक मारली तर भाऊजी अख्खे वळायचे. पाय, कंबर, खांदे, सगळं एकदम, दरवाजा वळावा तसे. त्यामुळे झालं काय, की ज्याच्याशी बोलतील त्याच्याकडे ते पूर्ण तोंड करून बघायचे. लहान पोर असलं तरी तसंच. लोकांना त्याचं फार कौतुक. मला मात्र ते वळणं बघवायचं नाही, कारण मी त्यांना चिंचेवर चढताना पाहिलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे माझे धाकटे दीर केवढेसे होते. सासूबाई लवकर गेल्या, मग त्यांचं जेवणखाण माझ्याचकडे. तरी भाऊजींना 'अरे' म्हणायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. ते आजवर पाळलं.

दुखणं विशीतच लागलं. आधी कंबर, मग पाठ, मग मान. कुणी म्हणालं लचक भरली, कुणी म्हणालं गादी सरकली. चोळणारे झाले, पट्टे झाले, गोळ्या खाऊन पोटाची आग झाली. विचित्र दुखणं ते. आपली कंबर दुखली की आपण आडवं पडतो आणि बरं वाटतं. ह्यांचं उलटं. पडून राहिले की आखडायचे, हिंडले-फिरले की मोकळे व्हायचे. सकाळी तर लाकूड. खाटेच्या पायाकडच्या दांडीला त्यांनी एक सुती दोर बांधून ठेवला होता. तो धरून स्वतःला ओढत उठून बसायचे. शिंक येणार असं वाटलं की आधी भिंत धरायचे.

आणि एवढं असून कुणी विचारलं, "काय आरसेवाले, कसं काय?" की उत्तर ठरलेलं. "बरं हाय."

विहारात सगळे खाली वाकून वंदन करतात, भाऊजी मागं भिंतीपाशी ताठ उभे, हात जोडून. एकदा कुणीतरी टोमणा मारला, "लई अक्कड हाय बुवा तुमच्यात." भाऊजी त्याच्याकडे अख्खे वळले, हसले आणि म्हणाले, "व्हय, हाय थोडी." घरी येऊन मी तणतणले, "सांगायचं न्हाई का, दुखतंय म्हणून?" तर म्हणाले, "आन् सांगून काय, तो वाकून दिनार हाय का माझ्या वाटचं?"

आमचे हे म्हणायचे, त्याचा दोष नाही गं, आमच्या घरात 'दुखतंय' हे बोलणंच नव्हतं. सासरे दुसऱ्याच्या रानात मजुरीला जात. जो म्हणाला आज अंग दुखतंय, त्याला उद्या बोलावणं नाही. म्हणून मुकादमानं विचारलं की ताप असला तरी "बरं हाय". बापाच्या तोंडचं ते दोन शब्दांचं बोलणं पोरांनी उचललं. आमच्या ह्यांनी नोकरी लागल्यावर सोडलं. भाऊजींनी ठेवलं.

शेवटी नगरच्या एका डॉक्टरांनी फोटो काढले, रक्त तपासलं आणि दुखण्याला नाव दिलं. मणक्याचा संधिवात, सुजेचा. आपलंच रक्त आपल्याच सांध्यांवर उठतं, म्हणाले. सूज येते, मणके हळूहळू एकमेकांना चिकटत जातात, शेवटी सगळा कणा बांबूसारखा सरळसोट होतो. मानेचे चिकटलेत, खालचे अजून वाचवता येतील. आणखी एक बजावलं, हे दुखणं डोळ्यातही उतरतं. डोळा लाल झाला, उजेड सोसेना, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. मला तेव्हापासून झोप नाही. ड्रायव्हर माणूस, मान गेलेली, डोळेही गेले तर?

नगरच्या डॉक्टरांनीच पुण्याला पाठवलं. तिथं एका मोठ्या दवाखान्यात ह्याच दुखण्यावरच्या नव्या इंजेक्शनचं संशोधन चाललेलं. भाऊजींच्या सोबत मी गेले. डॉक्टरीणबाई तरुण होती, पण शांत. छातीचा फोटो, क्षयाची तपासणी, सगळं नीट निघालं. मग तिनं विचारलं, "शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. गेल्या आठवड्यात पाठ किती दुखली?"

भाऊजी म्हणाले, "दोन."

मी बघतच राहिले. बाईंनी परत विचारलं. भाऊजी जरा ओशाळले. "बरं, तीन लिवा. तुमाला बरं वाटंल ते लिवा."

"मला बरं वाटायचं काय त्यात?"

"न्हाई, तुमी एवढ्या मायेनं इचारताय..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, दुखणं दोन-तीनच असेल तर तुम्हाला ह्यात घेता येणार नाही. ज्यांना जास्त आहे त्यांच्यासाठीच आहे हे."

माझ्याच्यानं राहवेना. "अहो बाई, दोन कशाचे! हा मानूस सकाळी दोराला धरून उठतो. पायात मोजा घालता येत न्हाई ह्यांना!"

"वहिनी!" भाऊजी खुर्चीसकट वळले माझ्याकडे. तोंड लालबुंद.

बाई माझ्याकडे बघून हसल्या, पण मान हलवली. "मावशी, तुमचा आकडा चालत नाही. त्यांचा त्यांनीच सांगायला हवा." पंधरवड्यानं परत या म्हणाल्या. तेव्हा शेवटचं विचारणार.

बाहेर बाकावर आम्ही चहा घेत बसलो. भाऊजी म्हणाले, "आठ सांगितलं आन् त्या म्हनल्या, टेम्पो चालवू नका, मंग?"

हे होय! मी म्हटलं, "आन् डोळा गेल्यावर कोन चालवनार हाय?" चहा तसाच निवला.

त्या पंधरवड्यात आमच्या घरात तालीम चालली. सकाळी आमचे हे अंगणातून भावाला ओरडून विचारायचे, "बाळू, आकडा किती?" खोलीतून उत्तर यायचं, "तीन!" मी म्हणायची, दोर धरून तीन? मग "चार!" दुसऱ्या दिवशी "पाच!" शेजारच्या शांताबाईनं मला भिंतीआडून विचारलं, "अगं, तुमच्यात मटका कवापासून खेळाय लागले?" मी हसले खरी, पण धास्ती सुटत नव्हती. ह्या माणसाच्या तोंडून तिथं पुन्हा 'बरं हाय' निघालं, की दार बंद. जायच्या आदल्या सकाळी मी काही विचारलंच नाही. भाऊजी स्वतःच चुलीपाशी आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, आठ हाय. लई वरसं झाली, आठच हाय." मी भाकरी थापत होते. मान वर केली नाही, नाहीतर दोघंही रडलो असतो.

पुण्यात भाऊजींनी तेच सांगितलं आणि त्यांना संशोधनात घेतलं. पण सुटका कुठली? बाईंनी समजावून सांगितलं की काहींना खरं औषध मिळेल, काहींना सुरुवातीला नुसतं पाणी, आणि कुणाला काय ते त्यांनाही ठाऊक नसतं. घरी आल्यावर हे ऐकून आमचे हे चक्रावले. "डॉक्टरलाच ठाऊक न्हाई, मंग टोचतंय कोन?" मी म्हटलं, तसंच असतंय, म्हणजे कुणाचं मन आकड्यात मिसळत नाही. बाईंकडून ऐकलेलंच सांगितलं मी, पण मला तरी कुठं धीर होता!

इंजेक्शनं चालू झाली. आम्ही रोज बघतोय, आज मान हलेल, आज दोर सुटेल. कशाचं काय. आठ, सात, परत आठ. पुण्याला जायची पाळी आली की भाऊजी बेचैन. "बाई बिचारी एवढं करतीय, तिला दर खेपेला आठ काय सांगायचं? चार म्हनू का?" मी म्हटलं, "म्हना, आन् परत दोर धरा." तिथं त्यांनी आठच सांगितलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "बाईंचं त्वांड उतरलं, वहिनी." त्यांना स्वतःच्या पाठीपेक्षा त्याचं जास्त लागलेलं.

ठरलेला काळ संपला. पुढं सगळ्यांनाच खरं औषध देणार होते. ते चालू झालं आणि काही आठवड्यांत सकाळचा आकडा उतरायला लागला. सहा, चार. एक दिवस मी चहा घेऊन गेले तर भाऊजी उठून बसलेले आणि दोर नुसताच लोंबतोय. पुढं मी तो सोडून त्यावर कपडे वाळत घातले. बऱ्याच दिवसांनी बाईंनी सांगितलं की आधी त्यांच्या वाट्याला नुसतं पाणी आलं होतं. म्हणाल्या, "काका, माझं मन राखायला तुम्ही चार सांगितलं असतं ना, तर पाण्यानंच गुण आला असं धरलं गेलं असतं." भाऊजी ते येईल त्याला सांगत. "माझा आठ वाया न्हाई गेला."

मान मात्र वळली नाही. चिकटलं ते चिकटलं, म्हणाल्या बाई. आरसे राहिले. टेम्पोही सोडायला लागला नाही.

इंजेक्शन पुढंही चालू ठेवायचं होतं, म्हणून गेल्या वर्षी त्यांनी पुण्याकडंच फळं पोचवायचं काम धरलं आणि तिकडं राहायला गेले. निघाले तेव्हा मी दारात उभी. मागं वळून बघणं त्यांना जमणार नव्हतं. टेम्पो रस्त्याला लागला आणि मला दिसलं, त्या सगळ्या आरशांत मीच होते, लहान-मोठी, पदर डोळ्याला लावलेली. आतून हात हलला. त्यांना मी दिसत होते.

तेव्हापासून रोज सकाळी फोन. नमस्कार-चमत्कार काही नाही. "वहिनी, आज तीन." "आज दोन, खरंच दोन." आमच्याकडेही सवय लागली. ह्यांचा गुडघा किती, माझी टाच किती, सगळं आकड्यात. बरं आहे असं आमच्या घरात आता कुणी म्हणत नाही.

आज सकाळी फोन आला. मी विचारलं, "किती?"

"बरं हाय, वहिनी."

माझ्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. मी म्हटलं, "भाऊजी, आकडा सांगा."

मग हळूच, "पाठ तीनच हाय. पर डावा डोळा लाल झालाय जरा. उन्हात उघडत न्हाई. गाडी भरून झालीय, तेवढी पोचवतो आन्..."

"गाडी तिथंच सोडा," मी म्हटलं. "रिक्षा करा. आत्ता. आन् तिथं गेल्यावर डोळ्याचा आकडा सांगा. बरं हाय म्हनायचं न्हाई, माझी शप्पत हाय."

"व्हय," म्हणाले. "जातो."

ऊन आता अंगणाच्या पार पलीकडे गेलंय. आमचे हे दोनदा येऊन विचारून गेले. मी फोन समोर ठेवून हे लिहीत बसलेय, हाताला काहीतरी हवं म्हणून. आठ सांगू दे, नऊ सांगू दे. मी ऐकायला बसलेय.